याडीचा फोटो

गोथेनबर्ग, स्वीडन
२७ एप्रिल २०२५

मंजू,

फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण पहिलं पान वाचून मग फाड. इथं पोस्ट ऑफिस नावाची गोष्टच नाही. किराणा दुकानात चीज आणि बटाट्यांच्या मधे एक खिडकी असते, तिथं तिकिटं मिळतात. त्या खिडकीतल्या पोरीला ‘आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम’ हे तीनदा वाचून दाखवलं, तेव्हा कुठे तिनं शिक्का मारला. एवढी मेहनत झाली आहे, तर एक पान वाचायला हरकत नसावी.

कशी आहेस हे विचारत नाही. रिंकू मला सगळं कळवते. धाकटी बहीण असल्याचा तिचा एवढाच उपयोग आहे. तू आसेगावच्या शाळेत शिकवतेस आणि वर्गात ओरडलीस की आवाज एसटीच्या थांब्यापर्यंत जातो, असं ती म्हणाली. तो आवाज मला माहीत आहे. आठ वर्षांपूर्वी मी तो शेवटचा ऐकला, वाशीमला, आमच्या दुकानाच्या पायरीवर. तेव्हापासून फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस. म्हणून हे कागद.

मला इथं दोन वर्षं झाली. मोठ्या ट्रकचे ब्रेक कधी लागावेत हे ठरवणारे प्रोग्राम लिहिते. बाबा दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, ‘पोरगी फॉरेनले ट्रक बनवते.’ मागचा हिवाळा असा गेला की आठवडाभर बोललेली माणसं मोजायला एक हात पुरायचा. शेवटी मीच वैतागून वाचनालयाच्या फळ्यावर एक चिठ्ठी लावली: ‘महिन्याच्या शेवटच्या रविवारी गावातून फोटो काढत हिंडू या. मोबाइल चालेल, जुना कॅमेरा चालेल, काहीच येत नसेल तरी चालेल. नंतर कॉफी.’ खाली माझं नाव आणि ईमेल.

पहिलीच मेल आली ती अशी: ‘रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे फोटो काढण्याबद्दल तुमचा नियम काय?’

मी लगेच उत्तर लिहिलं, ‘सार्वजनिक जागी काढायला इथल्या कायद्याची परवानगी आहे.’ लिहिलं आणि पाठवायच्या आधी तू दिसलीस. हातात पेपरची घडी, आणि त्यात याडीचा फोटो. तुझ्या आईला मी तुझ्यासारखंच याडी म्हणायचे. आपल्यात जे मोडलं ते त्या एका फोटोवरून मोडलं. आणि आता मी इथं लोकांना फोटो कसे काढायचे याचे नियम सांगणार. हसू आलं ना? मलाही आलं, पण ते फार टिकलं नाही.

ती मेल अजून पाठवलेली नाही. आधी तुला लिहायला हवं असं वाटलं. उत्तराची सक्ती नाही.

माझ्या मयंकदादाचा जुना कॅमेरा तुझ्याकडेच राहिला आहे. तो तुझाच. बॅटरीचं झाकण उघडलं तर तार लावून ठेव, नाहीतर सेल पडतात.

खुशबू

•

गोथेनबर्ग
२५ मे २०२५

मंजू,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरून चालते.

आजची फेरी पार पडली. चौघंजणं आली आणि एक कुत्रा. जमायची जागा म्हणजे एक चौक. तिथल्या कारंज्यावर पाच बायकांचे पुतळे आहेत आणि एकीच्याही अंगावर सूत नाही. आईला मी ‘कारंज्याजवळ’ एवढंच सांगितलं.

तिथून निघून आम्ही कालव्याकाठानं चालत गेलो. कालव्याकाठी एक उंच कौलांची, टोकदार खिडक्यांची इमारत आहे. मागच्या उन्हाळ्यात मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ते चर्च वाटलं होतं. कुणाचंही असो, देवाचं घर आहे म्हणून मी बाहेरून मनोभावे हात जोडले आणि मग आत डोकावले. आत सगळा मासळीबाजार. जिनदास शेठची मुलगी, कांदा-लसूण न खाणारी, बांगडा माशांसमोर हात जोडून उभी! हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आज तिथं पोचल्यावर सांगितलं तर चौघंही हसले, कुत्राही भुंकला. माझ्या बोलण्यावर एवढी माणसं हसण्याची इथली ही पहिलीच वेळ.

त्यांच्यात एक आजोबा आहेत. चाळीस वर्षं ट्राम चालवली, आता निवृत्त. त्यांच्याकडे रीळ घालायचा कॅमेरा आहे. एका फेरीत एकच फोटो काढतात, तोही समोरच्याला विचारून. मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, ‘विचारलं की माणूस सावध होतो, खरा चेहरा जातो.’ आजोबा म्हणाले, ‘विचारल्यावर माणूस जसा उभा राहतो, तोही त्याचाच चेहरा असतो की.’ मी मान हलवली आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काय कळतं.

पंधरा मिनिटांत शिक्षा झाली. ट्रामच्या थांब्यावर एक बाई उभी होती, चाळिशीची, कडक इस्त्रीचा कोट. स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती, मधेच हसायची, मधेच मान डोलवायची. उजेड अगदी तिच्या गालावर पडला होता. मी काढला. तिनं पाहिलं, आणि सरळ माझ्याकडे चालत आली. ‘दाखवा.’ मी दाखवला. खूप वेळ बघून ती हळू आवाजात म्हणाली, ‘हा पुसून टाका. मी आज नोकरीच्या मुलाखतीला चालले आहे. घरी कुणाला माहीत नाही. मी उत्तरं पाठ करत होते.’

रविवारी कसली मुलाखत हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पुसून टाकला. माझी माणसं कुत्र्यासकट बघत होती. आयोजक मी आणि पहिली चोरही मीच. ट्राम आली, ती चढली, आणि काचेतून तिनं मला हात केला. तो हात मला रागापेक्षा जड गेला.

घरी आल्यावर ती जुनी मेल काढली. ‘कायद्याची परवानगी आहे’ हे खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

तुझी शाळा आता सुटीत असेल. आंब्याच्या दिवसांत याडी आमरसात सुंठ घालायची. अजून घालते का, हे कळलं तर बरं वाटेल. नाही कळलं तरी मी इथं घालूनच खाते, डब्यातल्या रसात.

खुशबू

•

गोथेनबर्ग
२९ जून २०२५

मंजू,

सध्या इथं सूर्य सव्वादहाला मावळतो. आई फोनवर म्हणाली, ‘मंग तं मज्जाच हाय तुही, दहा वाजेलोक जेव.’ दिवस बुडण्याआधी जेवायचा आमच्या जैन घरचा नेम मी इथंही मोडलेला नाही. उन्हाळ्यात फार सोपं जातं. डिसेंबरात मात्र साडेतीनलाच अंधार पडतो, तेव्हा ऑफिसात तीनला डबा उघडते आणि सगळे समजतात की या बाईला दुपारी दोनदा भूक लागते.

हे लिहिताना तांड्यावरची संध्याकाळ आठवते. मी पहिल्यांदा तुझ्या घरी राहायला आले तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं. याडीनंच कुठून तरी ऐकलं असणार. पाच वाजता हातातलं काम टाकून तिनं वेगळ्या भांड्यात मुगाची डाळ लावली, कांदा नाही, लसूण नाही. मला म्हणाली, ‘बस माय, दिवस बुडाच्या आत जेवून घे. बाकीच्यायचं होत राह्यते मांगून.’ त्यानंतर मी जितक्यांदा आले, तितक्यांदा माझं ताट पाचला वाढलेलं असायचं. या बाईशी मी जे केलं ते आज सगळं लिहिते. तुला माहीत असलेलंही लिहिते, कारण माझ्या तोंडून तू ते कधीच ऐकलेलं नाहीस. मी तेव्हा फक्त कारणं सांगितली होती.

दोन हजार सोळाची दिवाळी. तू नळावर गेली होतीस. याडीनं सफाईसाठी लोखंडी पेटी बाहेर काढली होती. मी अंगणातून आले आणि दारात थांबले. ती आरशासमोर उभी होती. तिनं भरतकामाची ती जुनी चोळी, कांचळी, घातली होती, आणि कानांजवळच्या केसांत चांदीची घुगरी अडकवली होती, ती गालांवर लोंबत होती. आरशात ती स्वतःकडे बघत होती. असा चेहरा मी तिच्यावर कधी पाहिला नव्हता. वीस-बावीस वर्षांची पोर दिसत होती ती. माझ्या हातात मयंकदादाचा कॅमेरा होता. मी फोटो काढला आणि पाऊल न वाजवता मागे सरले.

तुझे बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घुगरी नवरा असलेल्या बाईनंच घालायची असते आणि तो गेला की उतरते, हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मला तो दागिना वाटला. फेब्रुवारीत नागपूरच्या एका प्रदर्शनात मी तो फोटो दिला. उजव्या बाजूला काहीतरी हिरवट पुसट येत होतं, ती कड कापून टाकली. बक्षीस मिळालं, पेपरात छापून आला. खाली त्यांनी छापलं होतं, ‘सौभाग्यलेणं ल्यालेली बंजारा स्त्री’. मी तो पेपर दुकानात सगळ्यांना दाखवत हिंडले.

तो पेपर तांड्यावरही गेला. पुढचं तू पायरीवर उभी राहून सांगितलंस. नळावरच्या बायका याडी आली की गप्प होतात. तांड्याचे नायक फुलसिंगकाका दारात येऊन एवढंच म्हणाले, ‘चंदाबाई, लालसिंगले जाऊन किती वर्षं झाले?’ आणि तेव्हापासून तिनं लग्नाकार्यांना जाणं सोडलं. तू विचारलंस, ‘तुनं काहून नाही विचारलं तिले?’ मी म्हणाले, ‘मले काय माहीत तुमच्यात असं असते!’

आता लपवलेली गोष्ट. त्या कॅमेऱ्याचा आवाज तुला आठवतो? फोटो निघाला की चिमणीसारखा ‘टिक’ करायचा. तुला तो इतका आवडायचा की रिकामाच दाबत बसायचीस. त्या दिवशी दारात उभी राहून मी आधी तो आवाज बंद केला, मंजू. बटणं दाबून, मेनूत जाऊन, बंद केला. मग फोटो काढला. घुगरीचा अर्थ मला ठाऊक नव्हता हे खरं. पण हे कुणी बघू नये असं काहीतरी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. एरवी आवाज कशाला बंद केला असता?

आठ वर्षं मी ‘मले काय माहीत’ याच्या आड बसले आहे. आजपासून नाही.

खुशबू

•

गोथेनबर्ग
३१ ऑगस्ट २०२५

मंजू,

आज अकरा जणं होती. कॉफीच्या दुकानवालीनं आम्हाला पाहून हात टेकले.

नियम अखेर ठरला. सगळ्यांनी मिळून ठरवला, पण पहिलं वाक्य माझं होतं: माणसाला विचारायचं, आणि फोटो त्याच्या हातात द्यायचा. नुसता मोबाइलवर पाठवायचा नाही. छापून, पुढच्या महिन्यात त्याच जागी जाऊन, हातात. गंमत अशी की आता निम्मा वेळ फोटो काढण्यात जातो आणि निम्मा माणसं शोधण्यात. मागच्या महिन्यातल्या फुलवालीला आज तिचा फोटो दिला, तर तिनं तो गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवला. आजोबांना या कामाचा भारी उत्साह आहे. कुठली ट्राम कुठला माणूस किती वाजता धरतो, हे त्यांना तोंडपाठ.

आता अडचण सांगते. सप्टेंबरअखेर वाचनालयात आमचं छोटंसं प्रदर्शन आहे. जाहिरातीसाठी एक मोठा फोटो हवा होता. मागच्या आठवड्यात तयारीला जमलो तेव्हा एकीनं इंटरनेटवर माझं नाव शोधलं आणि नागपूरच्या त्या स्पर्धेच्या जुन्या पानावरून याडीचा फोटो काढून सगळ्यांसमोर धरला. ‘हा! हाच लावू या!’ आजोबासुद्धा चष्मा वर करून बघत राहिले.

मी नाही म्हटलं. पण तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून सांगते, नाही म्हणायला मला दोन दिवस लागले. आधी ‘बघते’ म्हणाले. फोटो चांगला आहे गं. मी त्यानंतर इतका चांगला एकही काढलेला नाही. दोन दिवस मनात येत राहिलं की इथं कोण ओळखतं तिला, इथून आसेगावला कोण सांगायला जातं. मग लक्षात आलं, नागपूरला देतानाही मी अगदी हेच म्हटलं होतं.

आज कॉफीवर त्यांना सगळं सांगितलं. आवाज बंद केल्याचंही. निघताना आजोबांनी विचारलं, ‘त्या बाईंना त्यांचा फोटो दिलास का?’

मी म्हटलं, नाही.

‘कधीच?’

कधीच नाही. प्रदर्शनात दिला, पेपराला दिला, बाबांना फ्रेम करून दिला. जिचा होता तिला दिलाच नाही. भांडण झाल्यावर तो विषय काढायची हिंमत नव्हती हे खरं, पण भांडणाच्या आधी चार महिने होते. त्या चार महिन्यांत मी तीनदा तुझ्या घरी जेवले आहे.

स्पर्धावाल्यांना पत्र लिहिलं, त्यांनी तो फोटो पानावरून काढून टाकला. बाबांना दुकानातली फ्रेम उतरवायला सांगितली. ‘काहून?’ म्हणाले. मी सांगितलं. फोनवर स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग म्हणाले, ‘उतरवतो.’

खुशबू

•

गोथेनबर्ग
८ सप्टेंबर २०२५, क्षमावाणी

मंजू,

आज आमच्याकडे सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस. वाशीमला या दिवशी काय चालतं ते तू पाहिलं आहेस. बाबा तीनशे कार्डं छापून घेतात, वर दुकानाचं नाव, खाली ‘कळत-नकळत झालेल्या चुकांबद्दल मन-वचन-कायेने क्षमा असावी’. रिंकू आणि मी पत्ते लिहायचो. ज्या वर्षी आपलं भांडण झालं, त्या सप्टेंबरात मी त्या गठ्ठ्यातलंच एक कार्ड उचललं, तुझा पत्ता टाकला आणि पेटीत सोडलं. मोठं काम केल्यासारखं हलकं वाटलं मला. आठ दिवसांनी कार्ड परत आलं. मागच्या कोऱ्या बाजूला तुझ्या अक्षरात एकच शब्द होता: ‘छापील?’

तेव्हा मला तुझाच राग आला होता. आमच्या घरात सगळे असंच करतात, त्यात काय एवढं! साखरेचे व्यापारी, वकील, पाहुणे, सगळ्यांना जातं तेच तुला गेलं. ते तसं गेलं हेच तर तुला लागलं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

म्हणून आज हातानं लिहिते. पाकिटात दुसरं एक बंद पाकीट आहे, ते याडीचं. त्यात तिचा फोटो आहे, पूर्ण, कड न कापलेला, आणि कॅमेऱ्याच्या ज्या मेमरी कार्डावर तो मुळात होता ते कार्ड. माझ्याकडे आता एकही प्रत नाही. तिनं चुलीत घातला तरी चालेल, पेटीत ठेवला तरी चालेल. तिचा आहे, तिनं ठरवावं.

तिला वाचून दाखव, एवढंच मागते. याडी, तू मला पाचला जेवू घालायचीस, आणि मी चोरून तुझा फोटो काढला. नंतर तो सगळ्या जगाला दिला आणि तुला दिला नाही. तुला नळावर, लग्नात, स्वतःच्या दारात मान खाली घालायला लावली. मला क्षमा कर. नाही केलीस तरी तुझ्या घरचं जेवलेली मी आहेच.

मंजू, तुझीही मागते. वेगळी मागते.

खुशबू

•

आसेगाव
१२ ऑक्टोबर २०२५

खुशबू,

तुझी पाचही पत्रं मिळाली. पोस्टमन लखीरामदादा दर वेळी पाकीट उलटसुलट करून विचारतो, ‘मॅडम, हे कोण हाय इतकं लिवणारं?’ पहिलं मी फाडलं. मग चिकटपट्टी लावली. नीट बसत नाही, एक ओळ गेली ती गेलीच.

मी रागावून लिहायला बसले होते. एक पान तसं लिहिलंही, ते पाठवत नाही. सरळ याडीचं सांगते.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती दिवाळीची सफाई काढून बसली होती, पेटी उघडीच होती. पाकीट फोडून तिनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, ‘हे पाह्य, हे कोण हाय?’ उजव्या कडेला बोट ठेवलं होतं. तू कापून टाकलेलं ते हिरवं. ती तुझी ओढणी आहे, खुशबू. आरशाच्या कोपऱ्यात तू आहेस, अर्धा चेहरा आणि कॅमेरा.

मी म्हटलं, म्हणजे तुला दिसत होती ती?

‘दिसत नाही तं काय. आरशासमोर उभी होती मी, आंधळी होती का?’

मी विचारलं, मग तेव्हा बोलली काहून नाही? तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिते.

‘मले वाटलं, घरची पोर हाय, काढू दे. माह्या लग्नात कोन फोटूवाला होता? त्या सिंगारातला माह्याजवळ एक बी फोटू नाही. तुह्या बापानं बी मले कधी म्हतलं नाही का चाल, काढू. मी म्हतलं, हे पोर आनून देईन मले गुपचूप, मी पेटीत ठेवून देईन. चार महिने वाट पायत राह्यली मी. ते आली का पाचले ताट वाढो, आनि मनात म्हनो, आज देईन ते, आज देईन. मंग तो पेपर आला.’

हे तिनं मला आठ वर्षांत सांगितलं नव्हतं. मी तिच्या वतीनं तुझ्यावर इतकी भडकले, आणि कशावरून भडकायचं तेच मला ठाऊक नव्हतं. मी मानत होते की तू काढलास म्हणून ती दुखावली. ती दुखावली ती तू आणून दिला नाहीस म्हणून.

आवाज बंद केल्याचंही वाचलं. त्यावर ती हसली. ‘रोज टिक करते, त्या दिवशी नाही केलं. मले तवाच समजलं का पोरीच्या मनात चोर हाय.’

फोटो चुलीत घातलेला नाही. घुगरी फडक्यात गुंडाळलेली असते, त्याच फडक्यात ठेवला आहे. रात्री पेटी लावायच्या आधी पुन्हा एकदा काढून पाहिला तिनं. ‘चांगली दिसो मी,’ म्हणाली. मला रडू आलं. तुलाही येईल, म्हणून लिहिलं.

याडीनं तुला माफ केलं आहे. माझं वेगळं, तूच म्हणालीस. ते अजून झालेलं नाही, पण मी फोन उघडला आहे. दादाचा कॅमेरा चालू आहे. झाकणाला तार मी आधीच लावलेली होती, तू शिकवायची गरज नव्हती. काल याडीला विचारलं, तुझा एक काढू का, खुशबूला पाठवायला? म्हणाली, ‘थांब, लुगडं बदलू दे.’ सोबत ठेवला आहे. मोकळ्या केसांची, आरशाशिवाय, समोर बघते आहे. टिक वाजलं तेव्हा तिनं डोळे मिटले, म्हणून दोनदा काढावा लागला. पहिलाही पाठवते.

आमरसात अजून सुंठ घालते.

तुझं जूनचं पत्र तिनं परत वाचायला लावलं. डिसेंबरात तिकडे साडेतीनला अंधार होतो, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. आधी म्हणाली, असा कोणता देश असतो. सांजच्याला भाकरी थापता थापता आपणच म्हणाली, ‘तीनले जेवून मंग रातभर उपाशी राह्यते का ते पोर? तिले लिव. इथं डिसेंबरात पावनेसहाले बुडते दिवस. इथं ये म्हना जेवाले.’

मंजू